वॉटरलाइनवरचा पिवळा पट्टा: एका शिडाच्या बोटीचं प्रकरण

पार्श्वभूमी

बोट २६ फुटी, एका डोलकाठीची, फायबरग्लासची, पांढऱ्या जेलकोटची (जेलकोट म्हणजे बोटीच्या अंगाचा सगळ्यात बाहेरचा थर). मालक तीन मित्र, भागीदारीत. ऑक्टोबरपासून मेपर्यंत ती मुंबई बंदरात अपोलो बंदरासमोर बोयाला, म्हणजे नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला, बांधलेली असते. मे संपता संपता क्रेनने उचलून पलीकडच्या किनाऱ्यावरच्या एका यार्डात ठेवतात आणि पावसाळाभर ती ताडपत्रीखाली उभी राहते. मुंबईत हौसेने शिडाची बोट ठेवणाऱ्या बहुतेकांचं वर्ष असंच चालतं.

फायबरग्लासच्या बोटींची तपासणी आणि डागडुजी हे माझं काम. मालकांनी मला बोलावलं ते एकाच प्रश्नासाठी: बोट रंगवून घ्यायची का? बोटीची आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील इथे वगळले आहेत. बाकी जसं घडलं तसं लिहितो आहे, कारण वॉटरलाइनवरचा, म्हणजे पाण्याच्या रेषेवरचा, हा पिवळा डाग बंदरातल्या जवळपास प्रत्येक पांढऱ्या बोटीवर दिसतो आणि त्याच्यापायी चांगल्या बोटींचा जेलकोट विनाकारण झिजवला जातो.

अडचण

पाण्याच्या रेषेवर बोटीभोवती एक पट्टा होता. वरच्या कडेला काळपट, चिकट रेघ. तिच्याखाली पिवळा-तपकिरी रंग, फिकट चहासारखा. त्याच्याही खाली, बुडाचा लाल अँटिफाउलिंग रंग (समुद्री जीव चिकटू नयेत म्हणून लावायचा) सुरू होतो तिथे, बार्नॅकल (कठीण कवचाचे, चिकटून बसणारे समुद्री जीव) खरवडल्यावर मागे राहिलेल्या पांढऱ्या गोल चकत्या.

मालकांची तक्रार अशी, की दरवर्षी डाग घासून काढतो आणि दरवर्षी तो आधीपेक्षा लवकर येतो. सुरुवातीला तो फेब्रुवारी-मार्चमध्ये दिसायचा, आता दिवाळी उलटली की दिसतो. घासायची पद्धत विचारली तेव्हा निम्मं उत्तर मिळालं. यार्डातला कारागीर ग्राइंडरला लोकरी पॅड लावून जाड दाण्याचं रबिंग कंपाउंड फिरवत असे. छोटा अँगल ग्राइंडर मिनिटाला १०-११ हजार फेरे घेतो. जेलकोटवर पॉलिशिंगचं मशीन हजार ते दोन हजारांच्या आसपास चालवायचं असतं. त्याच्या पाचपट वेगाने जेलकोट तापतो, कडा जळतात आणि डागाबरोबर जेलकोटही उडतो.

जेलकोट हा साच्यात सगळ्यात आधी मारलेला पॉलिएस्टर रेझिनचा थर. नव्या बोटीवर तो साधारण अर्धा मिलिमीटर असतो, फार तर पाऊण. तो परत वाढत नाही. इथे वॉटरलाइनवरून तळहात फिरवला की हाताला पांढरी भुकटी लागत होती. मागच्या बाजूला, सुकाणूच्या जवळ, तिरप्या उजेडात पाहिलं तर खालच्या काचकापडाची वीण पुसटशी दिसत होती. म्हणजे तिथे जेलकोट जवळजवळ संपला होता. पृष्ठभाग जितका घासाल तितकी त्याची बारीक छिद्रं उघडी पडतात, आणि उघड्या छिद्रांत रंग लवकर मुरतो. डाग दरवर्षी लवकर येत होता तो यामुळे.

डाग कशाचा, आणि तो तिथेच का

मुंबई बंदरात ठाण्याची खाडी, पनवेलची खाडी, धरमतरची खाडी उतरतात. त्यांच्या काठाने खारफुटी आहे. खारफुटीच्या सालीत आणि पानांत टॅनिन भरपूर असतं. गाळात लोह असतं. हे दोन्ही जेलकोटच्या छिद्रांत बसतात आणि तिथे एकमेकांना भेटतात. हिरडा आणि हिराकस घालून पूर्वी शाई करत, तिचं रसायनही हेच: टॅनिन आणि लोह. ती शाई कागदातून पुसून जात नाही, तसा हा डाग साबणाने जात नाही. काळी रेघ मात्र वेगळी. ती लाँचेस आणि जहाजांच्या तेलाची, धूळ आणि काजळी धरलेली. पांढऱ्या चकत्या म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, चुन्याच्याच जातीचं. एका पट्ट्यात तीन निरनिराळ्या गोष्टी होत्या, आणि त्या काढायला तीन निरनिराळी औषधं लागणार होती.

पट्ट्याची रुंदी मोजली तेव्हा दुसरी गोष्ट कळली. नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाला, पट्टा जेमतेम ४ सेंटिमीटर, मागे १४. मालकांपैकी एकाचं म्हणणं होतं की मुंबईची भरती मोठी, म्हणून पट्टा रुंद. भरती मोठी आहे हे खरं, उधाणाला पाणी ४ मीटरहून अधिक चढतं-उतरतं. त्याचा डाग जेट्टीच्या खांबांवर दिसतो. पण बोयाला बांधलेली बोट पाण्याबरोबर वर-खाली होते, तिच्या अंगावरची पाण्याची रेषा तिथल्या तिथे राहते. रुंदी मागेच वाढली असेल तर बोट मागे बसते आहे.

आत डोकावल्यावर कारण समोरच होतं. जुनं टू-स्ट्रोक इंजिन काढून जड फोर-स्ट्रोक लावलं होतं. दुसरी बॅटरी मागच्या कप्प्यात. तिथेच पाण्याचे कॅन, हत्यारांची पेटी, जादा नांगर आणि त्याची साखळी. बांधणाऱ्याने आखलेली रेषा आता मागच्या बाजूला पाण्याखाली गेली होती, आणि तिच्या वरचा उघडा जेलकोट आठ महिने सतत पाण्यात होता. तिथे अँटिफाउलिंग नव्हतंच, त्यामुळे बार्नॅकलही तिथेच धरत होते.

समोर असलेले पर्याय

रंगवण्याचा पर्याय मी आधी बाजूला ठेवायला सांगितला. पाण्याच्या वरच्या भागासाठी असलेला टू-पॅक (दोन भाग मिसळून लावायचा) पॉलियुरेथेन रंग दिसायला सुंदर असतो, पण सतत पाण्याखाली राहिला की त्याला फोड येतात. मागे बसलेल्या या बोटीवर तो बरोबर डागाच्या जागी फुगला असता. खर्च मोठा, आणि मूळ कारण तसंच.

पुन्हा कंपाउंड फिरवणं सगळ्यात सोपं होतं आणि यार्डाला सवयीचं. मागच्या बाजूचा जेलकोट बघून मी त्याला नकार दिला.

कारागिराचा पर्याय त्याच्या शब्दांत: "शेठ, ॲसिड मारू. पाच मिनटात पांढरी फटक करतो." फरशी आणि संडास धुवायचं हायड्रोक्लोरिक ॲसिड त्याच्या मनात होतं. ते चुन्यावर आणि गंजावर झपाट्याने चालतं, हे तो अनुभवाने बोलत होता. पण त्याची वाफ आणि ओघळ स्टेनलेस स्टीलला खड्डे पाडतात, झिंकचे ॲनोड (बोटीचे धातूचे भाग गंजू नयेत म्हणून लावलेले झिंकचे तुकडे) खातात, गॅल्व्हनाइज्ड ट्रेलरचा मुलामा उडवतात. बोट ट्रेलरवरच उभी होती.

तिघांतल्या धाकट्याने कॉकपिटमधली बुरशी ब्लीचने घालवली होती, तो ब्लीच सुचवत होता. शेवाळ आणि बुरशीवर ब्लीच उत्तम. लोहाच्या डागावर उलटा, कारण तो लोहाचं ऑक्सिडेशन करून डाग आणखी पक्का करतो. शिवाय ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो. कुठलंही ॲसिड वापरायचं ठरण्याआधी मी ब्लीचचा कॅन यार्डातून बाहेर न्यायला लावला.

राहिलं ऑक्झॅलिक ॲसिड. प्रिन्सेस स्ट्रीटवर रसायनांच्या दुकानात ते किलोने मिळतं, पांढरे स्फटिक. ते लोहाला धरून विरघळणाऱ्या रूपात आणतं, त्यामुळे गंज, शाई आणि आपला हा पिवळा डाग तिन्हींवर चालतं, आणि घासावं लागत नाही. ते विषारी आहे, पोटात गेलं तर मूत्रपिंडाला इजा करतं. रबरी हातमोजे, चष्मा आणि पूड हाताळताना मास्क यांत सूट नाही.

चाचणी

मागच्या उजव्या बाजूला मास्किंग टेपने पोस्टकार्डाएवढे चौकोन आखले आणि प्रत्येकावर वेगळा क्रम लावला. मला या कामातला सगळ्यात मोलाचा भाग हाच वाटतो. अर्धा दिवस जातो, पण पुढची सगळी भांडणं मिटतात.

नुसत्या साबणाने पिवळा रंग तसाच राहिला. थेट ऑक्झॅलिक ॲसिड लावलेल्या चौकोनात ते काळ्या रेघेवरून मोत्यासारखं घरंगळून गेलं, कारण तेलावर पाण्यातलं काही टिकत नाही. जिथे आधी मिनरल टर्पेंटाइन आणि भांड्यांच्या साबणाने तेल काढलं होतं, तिथे पिवळा रंग दहा-पंधरा मिनिटांत डोळ्यांदेखत फिका होत गेला. कडेने आधी, मग मध्ये. बघायला जमलेल्यांत पहिल्यांदाच शांतता झाली.

पण त्याच चौकोनाच्या खालच्या बाजूला बार्नॅकलच्या चकत्या होत्या, आणि पाणी मारून वाळल्यावर तिथे पांढरी साय उरली. ऑक्झॅलिक ॲसिड कॅल्शियमला भेटलं की कॅल्शियम ऑक्झॅलेट होतं, आणि ते पाण्यात विरघळत नाही. व्हिनेगरमध्येही नाही. व्हिनेगरचा बोळा लावून ठेवला तरी साय हलली नाही. शेजारच्या चौकोनात मात्र आधी व्हिनेगरने चकत्या उतरवून मग ऑक्झॅलिक लावलं होतं, तिथे सायही नव्हती आणि डागही नव्हता.

क्रम ठरला: तेल, मग चुना, मग लोह. हा क्रम चुकला तर ॲसिड वाया जातं आणि वर नवा डाग बसतो.

निर्णय: पावसाच्या आधी की नंतर

मुंबईत मोसमी पावसाची सर्वसाधारण तारीख ११ जून. मालकांना सगळं काम सप्टेंबरवर ढकलायचं होतं, कारण ॲसिडने वॅक्स निघून जातं आणि बोट पावसाळाभर उघड्या जेलकोटने उभी राहील. मुद्दा बरोबर होता. पण तेल आणि बार्नॅकलच्या चकत्या जितक्या वाळतात तितक्या चिवट होतात, आणि सप्टेंबरात रंगाच्या कामांची गर्दी असते. शेवटी काम दोन भागांत वाटलं: सफाई पावसाच्या आधी, वॅक्स आणि बुडाचा रंग पाऊस सरल्यावर, मधल्या काळात ताडपत्री घट्ट. ताडपत्री बोटीच्या अंगाला न चिकटता हवा खेळेल अशी बांधायला सांगितली, नाहीतर आत बुरशी धरते.

प्रत्यक्ष काम

तेल एका सकाळीच निघालं. चकत्यांना वेळ लागला. व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या जुन्या सुती धोतराच्या पट्ट्या वॉटरलाइनवर चिकटवून वर प्लास्टिक गुंडाळलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी प्लास्टिकच्या पट्टीने बहुतेक चकत्या सुटल्या. ज्या अगदीच हट्टी होत्या त्यांच्यावर, ट्रेलरपासून लांबच्या भागात, दहापट पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिड बारीक ब्रशने ठिपक्यासारखं लावलं आणि बुडबुडे थांबताच पाणी मारलं. कारागिराचा उपाय असा योग्य जागी वापरला गेला, आणि तेव्हापासून तो मन लावून काम करू लागला, हेही नोंदवतो.

ऑक्झॅलिक ॲसिडची अडचण अशी की पातळ द्रावण उभ्या भिंतीवरून ओघळून जातं. म्हणून कॉर्नफ्लॉवरची खळ शिजवली, कपड्यांना घालतात तशी पण घट्ट, आणि ती कोमट झाल्यावर तिच्यात लिटरला साधारण ८० ग्रॅम ॲसिड विरघळवलं. पाणी बोअरचं न घेता नळाचं घेतलं, कारण जड पाण्यातलं कॅल्शियम ॲसिड आधीच खाऊन टाकतं. अँटिफाउलिंगवर, ॲनोडवर आणि ट्रेलरच्या दांड्यांवर प्लास्टिक आणि टेप. मेच्या उन्हात खळ पाच मिनिटांत वाळते आणि वाळलेलं ॲसिड काही करत नाही, त्यामुळे काम पहाटे, सावलीच्या बाजूने, आणि लावलेल्या भागावर पातळ प्लास्टिक. वीस मिनिटांनी भरपूर पाणी, मग खायच्या सोड्याचं पाणी, मग पुन्हा साधं पाणी.

धुवण खाडीत जाऊ द्यायचं नाही यावर मी अडून बसलो. खाली ताडपत्रीची पन्हाळ करून पाणी ड्रममध्ये घेतलं आणि त्यात चुन्याची निवळी ओतली. चाचणीत जी साय आम्हाला नको होती, तीच इथे हवी होती: ऑक्झॅलेट चुन्याबरोबर पांढरा गाळ होऊन तळाशी बसलं.

पहिल्या फेरीत नाळेपासून मध्यापर्यंतचा डाग पूर्ण गेला. मागच्या बाजूला दुसरी फेरी लागली. दुसरीनंतरही, जिथे काचकापडाची वीण दिसत होती त्या हातभर पट्टीत, पिवळसर छटा राहिली. कारागीर म्हणाला, "एवढ्यावर थोडं कंपाउंड मारतो." इथे थांबायचं ठरलं. ती छटा जेलकोटच्या तळापर्यंत मुरलेली होती. ती काढायला उरलेला जेलकोट काढावा लागला असता, आणि त्याखालच्या काचकापडात पाणी शिरू लागलं तर प्रश्न डागाचा राहत नाही.

रेषा वर घेण्याचा निर्णय

सप्टेंबरच्या अखेरीस, चार-पाच कोरडे दिवस मिळाल्यावर, अँटिफाउलिंगची रेषा मागे ८ आणि नाळेकडे ३ सेंटिमीटर वर घेतली. मोठ्या मित्राला ते पसंत नव्हतं, बोटीचं रूप बिघडेल म्हणून. बाकी दोघांनी त्याला राजी केलं. जेलकोटची झिजलेली पट्टी या नव्या रेषेखाली झाकली जाणार होती, हा माझ्या दृष्टीने मोठा फायदा. तिथे १२० नंबरच्या पॉलिशपेपरने हलका हात फिरवून इपॉक्सी प्रायमरचे थर दिले. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो, त्यावर पुढचा रंग धरत नाही, म्हणून प्रत्येक थर पाण्याने आणि खरखरीत पॅडने धुऊन मगच पुढचा. मग अँटिफाउलिंग. रेषेच्या वरच्या जेलकोटला बारीक दाण्याचं पॉलिश हाताने, आणि कार्नोबा वॅक्सचे दोन हात.

बोट पाण्यात उतरवायच्या आदल्या आठवड्यात मालकांनी आपण होऊन एक बॅटरी डोलकाठीच्या पायाशी हलवली आणि मागचा कप्पा रिकामा केला. जादा नांगर घरी गेला.

निकाल

त्या हंगामात जानेवारीपर्यंत रेषेच्या वर काहीही दिसलं नाही. नंतर बारीक पिवळी झाक आली, पण वॅक्सच्या वर, आणि महिन्यातून एकदा डिंगीतून (छोट्या होडीतून) साबणाच्या स्पंजाने ती निघत राहिली. मेमध्ये बोट वर आली तेव्हा ऑक्झॅलिकच्या खळीचा एक पातळ हात पुरला. मशीन लावलंच नाही. हातावर भुकटी येणं बंद झालं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या मनासारखी झाली नाही. वजन पुढे गेल्यामुळे मागची बाजू वर उचलली गेली, आणि नव्याने वर घेतलेली लाल रेषा आता मागे पाण्याबाहेर चांगली चार बोटं दिसते. पाण्याबाहेर उन्हात राहिलेलं अँटिफाउलिंग लवकर फिकं पडतं. मोठ्या मित्राचं म्हणणं तसं खरं ठरलं. बाकी दोघांना चालतं, कारण पाहुणे आणि सामान भरून मांडव्याला निघाले की तीच पट्टी पाण्यात जाते.

पुन्हा करायचं झालं तर

वजनाचा निर्णय रेषेच्या आधी व्हायला हवा होता, आणि तोही बोट पाण्यात असताना. जमिनीवर उभी बोट कुठे तरंगेल हे डोळ्यांना दिसत नाही. एप्रिलमध्ये बॅटरी हलवून, कप्पा रिकामा करून, शांत पाण्यात डिंगीतून वॉटरलाइनवर मेणाच्या पेन्सिलीने खुणा केल्या असत्या, तर मागे ८ ऐवजी ४-५ सेंटिमीटर पुरले असते.

बार्नॅकलच्या बाबतीत क्रेनचा दिवस महत्त्वाचा. ओल्या बोटीवरून ते पट्टीने सहज उतरतात. ही बोट क्रेनवरून उतरल्यावर आठवडाभर उन्हात उभी होती, म्हणून व्हिनेगरच्या पट्ट्यांचा खटाटोप करावा लागला. क्रेनची वेळ ठरवतानाच पाण्याचा पाइप आणि दोन माणसं त्याच दुपारसाठी सांगून ठेवायला हवीत. पुढच्या मेमध्ये मालकांनी तसं केलं आणि चकत्या उरल्याच नाहीत.

जेलकोटची जाडी आम्ही अंदाजाने आणि तिरप्या उजेडाने ठरवली. डेकवर एखादं फिटिंग बदलताना भोक पाडावं लागलं की कापलेल्या कडेवर जेलकोट आणि काचकापड वेगवेगळे दिसतात, आणि मूळ जाडी तिथे मोजता येते. बुडाच्या बाजूने झीज किती झाली त्याचा ताळमेळ त्यावरून लागतो. मालकांनी ती नोंद आता वहीत ठेवायला सुरुवात केली आहे, प्रत्येक पावसाळ्यात काय लावलं, किती फेऱ्या, कोणत्या भागात, हे फोटोसकट. यार्डातला कारागीर बदलला तरी ग्राइंडर पुन्हा बाहेर निघू नये, एवढ्यासाठी त्या वहीच्या पहिल्या पानावर मशीनचा वेग लिहून ठेवला आहे.